फिफो, लिफो आणि सरासरी : दोन कंपन्यांच्या मालसाठ्याची तुलना करण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : एकाच धंद्यातल्या तीन कंपन्यांचे वार्षिक अहवाल तुमच्यासमोर आहेत. पहिली कंपनी साठ्याचे मूल्यांकन फिफोने (आधी आलेल्या मालाची किंमत आधी खर्ची) करते, दुसरी भारित सरासरीने (एकूण किंमत भागिले एकूण वजन) आणि तिसरी, जी अमेरिकन आहे, ती लिफोने (शेवटी आलेल्या मालाची किंमत आधी खर्ची). तिघींचे साठा उलाढाल गुणोत्तर, म्हणजे वर्षात साठा किती वेळा फिरला, हे काढल्यावर अमेरिकन कंपनी सर्वांत चपळ दिसते आणि फिफोवाली सर्वांत सुस्त. यावरून कोणाचे साठा व्यवस्थापन चांगले, हे ठरवता येईल का?

एवढ्यावरून ठरवता येणार नाही. परिव्यय लेखापाल म्हणून मी सव्वीस वर्षे कारखान्यांचे साठे मोजतो आहे, आणि माझा अनुभव असा की या प्रश्नात लोक पद्धतीच्या नावापाशी फार वेळ अडकतात. लिफो असेल तर तो वेळ सार्थकी लागतो. दोन भारतीय कंपन्या असतील, तर पद्धतीमुळे पडणारा फरक बहुधा इतर कारणांनी पडणाऱ्या फरकापेक्षा लहान निघतो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. 'आधी आले ते आधी गेले' हे फिफोचे गृहीतक किमतीपुरते आहे, मालापुरते नाही. कोळशाचा ढीग लोडर वरूनच उचलतो, म्हणजे शेवटी आलेला कोळसा आधी भट्टीत जातो, तरी वह्यांमध्ये फिफो बिनदिक्कत चालू असते. उलट औषधांच्या गोदामात मुदतीच्या धाकाने जुनी खोकी आधी बाहेर पडतात, पण हिशेब सरासरीचा असू शकतो. गोदामपालाला आपली कंपनी कोणती पद्धत वापरते हे पुष्कळदा ठाऊकही नसते, आणि असण्याचे कारणही नाही. म्हणून पद्धतीवरून गोदामाच्या शिस्तीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आता एक उदाहरण आकड्यांत पाहू. लोखंडाचा एक व्यापारी आहे. वर्षाच्या आरंभी त्याच्याकडे १०० टन माल आहे, दर ५०,००० रुपये टन. वर्षात तो तीन वेळा शंभर-शंभर टन घेतो : पहिल्यांदा ५४,०००, मग ५८,००० आणि शेवटी ६२,००० रुपये दराने. प्रत्येक खरेदीनंतर तो १०० टन विकतो. म्हणजे वर्षात ३०० टन विकले गेले आणि अखेरीस १०० टन उरले. एकूण मालाची किंमत २२४ लाख रुपये, आणि ती विकलेला माल व उरलेला माल यांत वाटायची आहे.

फिफोने वाटली तर उरलेला माल शेवटच्या दराचा, म्हणजे ६२ लाखांचा ठरतो आणि विकलेल्या मालाचा खर्च १६२ लाख. वर्षाची एकच सरासरी, म्हणजे ५६,००० रुपये दर, धरली तर साठा ५६ लाख आणि खर्च १६८ लाख. लिफोने साठा आरंभीच्याच दराने ५० लाखांवर थांबतो आणि खर्च १७४ लाख होतो. खर्चाला सरासरी साठ्याने भागले तर उलाढाल अनुक्रमे २.८९, ३.१७ आणि ३.४८ येते, दिवसांत सांगायचे तर १२६, ११५ आणि १०५ दिवस. गोदाम एकच, माल एकच, रखवालदारही एकच. टनांत मोजले तर ३०० भागिले १००, म्हणजे बरोबर तीन फेरे आणि सुमारे १२२ दिवस. लिफोवाला गोदामातून सतरा दिवस आधी माल हलवतो असे जे दिसते, ते भाववाढीच्या वर्षात कागदावर तयार झालेले दिवस आहेत. भाव उतरत असतील तर हाच क्रम उलटतो आणि फिफोवाला चपळ दिसू लागतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती दोन भारतीय कंपन्यांची तुलना करताना जास्त उपयोगी पडते. सरासरी वर्षाची न काढता प्रत्येक खरेदीनंतर नव्याने काढली, म्हणजे चल भारित सरासरी वापरली, तर दर आधी ५२,०००, मग ५५,००० आणि शेवटी ५८,५०० होतो. साठा ५८.५ लाख, खर्च १६५.५ लाख आणि दिवस सुमारे १२०. म्हणजे लेखाधोरणाच्या टिपेत दोन्ही कंपन्यांनी 'भारित सरासरी' एवढेच शब्द लिहिले असतील, तरी एकीचे ११५ आणि दुसरीचे १२० दिवस निघू शकतात. ती सरासरी प्रत्येक आवकेनंतरची, महिन्याची की वर्षाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. महिन्याला एकदा पूर्ण फिरणारा माल असेल, खरेदी नियमित असेल आणि भाव वर्षाला दहा टक्क्यांनी चढत असतील, तर फिफो आणि चल सरासरी यांच्या साठ्याच्या मूल्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपासच फरक राहतो. वर्षाची एकच सरासरी मात्र त्याच परिस्थितीत जवळजवळ पाच टक्के मागे राहते.

लिफोचे प्रकरण वेगळे आहे. भारतात १९९९ साली सुधारलेल्या लेखा मानक २ ने लिफोला जागा ठेवली नाही, आणि आंतरराष्ट्रीय मानकांच्या धर्तीवर बेतलेल्या इंड एएस २ या भारतीय मानकातही ती नाही. आंतरराष्ट्रीय मानकातून २००३ च्या फेररचनेत लिफो गेले आणि २००५ पासून ती बंदी लागू झाली. अमेरिकेत मात्र ते टिकून आहे, आणि त्याचे कारण करात आहे : भाववाढीत लिफोमुळे नफा कमी दिसतो आणि कर कमी बसतो, पण तिथल्या कायद्याची अट अशी की करासाठी लिफो वापरायचे असेल तर भागधारकांना दाखवायच्या हिशेबातही तेच वापरावे लागेल. त्यामुळे कॅटरपिलर किंवा एक्झॉनमोबिल यांच्या ताळेबंदात साठ्याचा मोठा भाग जुन्या, काही वेळा कित्येक दशकांपूर्वीच्या दरांच्या थरांत बसलेला असतो. त्या आकड्याला साठ्याचे मूल्य म्हणणे मला नेहमी जड जाते. ते फार तर एक ऐतिहासिक अवशेष आहे.

सुदैवाने अशा कंपन्यांना टिपेत हेही सांगावे लागते की साठा आजच्या खर्चाने धरला असता तर किती अधिक आला असता. या फरकाला लिफो राखीव म्हणतात. हा आकडा साठ्यात मिळवायचा, आणि विकलेल्या मालाच्या खर्चातून राखीव रकमेत त्या वर्षी झालेली वाढ वजा करायची. आपल्या उदाहरणात राखीव शून्यावरून १२ लाखांवर गेली. १७४ मधून १२ वजा केले की फिफोचे १६२ हाती येतात आणि ५० मध्ये १२ मिळवले की ६२. तुमच्या तिसऱ्या कंपनीला भारतीय कंपनीच्या शेजारी बसवण्यापूर्वी एवढी बेरीज-वजाबाकी करणे अनिवार्य आहे. राखीव रक्कम एखाद्या वर्षी घटलेली दिसली तर थोडे थांबावे. एक शक्यता अशी की भाव उतरले. दुसरी अशी की विक्री खरेदीपेक्षा जास्त झाल्याने जुने, स्वस्त थर उघडे पडून खपले. दुसऱ्या प्रसंगी नफा अचानक फुगतो, आणि तो ना कारखान्याने कमावलेला असतो ना विक्री विभागाने.

किमतीचा हा खेळ सर्वांत उघड दिसतो तो तेलशुद्धीकरणात. कच्चे तेल जहाजात चढल्यापासून पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत आठवडे जातात आणि तेवढ्यात भाव कुठल्या कुठे जातो. एक्झॉनमोबिल लिफोवर आहे, तर युरोपीय कंपन्यांना लिफोची मुभा नाही. म्हणून शेल चालू पुरवठा खर्चावर आधारलेला नफा वेगळा दाखवते आणि बीपी बदली खर्चावर (तोच माल आज घ्यायचा तर पडणाऱ्या खर्चावर) आधारलेला, जेणेकरून साठ्यावर भावामुळे झालेला लाभ किंवा तोटा बाजूला काढता यावा. आपल्याकडे इंडियन ऑइलसारख्या कंपन्या शुद्धीकरणाचे मार्जिन सांगताना साठ्यावरील लाभ-तोटा वगळूनही आकडा देतात. मार्च २०२० मध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळले तेव्हा ३१ मार्चचा साठा निव्वळ वसुली मूल्यापर्यंत, म्हणजे विक्रीचा खर्च वजा जाता हाती येईल त्या रकमेपर्यंत, खाली आणावा लागला, आणि इंडियन ऑइलने त्या तिमाहीत ५,१८५ कोटींचा तोटा जाहीर केला. त्या तिमाहीच्या आकड्यांवरून कोणी साठा व्यवस्थापनाचा निकाल लावला असता, तर त्याने प्रत्यक्षात कच्च्या तेलाच्या बाजाराला गुण दिले असते.

आता पद्धतीच्या नावाबाहेरच्या गोष्टींकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे.

साठ्याच्या किमतीत कोणता खर्च धरला, हा पहिला मुद्दा. नियम असा की उत्पादनाचा स्थिर खर्च साठ्यावर सामान्य क्षमतेच्या आधारे चढवावा. एखाद्या फाउंड्रीचा स्थिर खर्च १.२ कोटी आणि सामान्य उत्पादन ६,००० टन असेल, तर टनाला २,००० रुपये बसतात. मंदीच्या वर्षी उत्पादन ४,००० टनांवर आले तरी दर २,००० च राहायला हवा आणि न बसलेले ४० लाख थेट नफा-तोटा पत्रकात जायला हवेत. पण 'सामान्य' म्हणजे किती, हे ठरवणे कंपनीच्या हाती असते. कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत मी पाहिले होते की मंदीचा महिना आला की ही क्षमता हळूच खाली सरकत असे, आणि ४,००० टनांनी भागून टनाला ३,००० रुपये साठ्यावर चढत. फिफो तीच, मानक तेच, पण स्थिर खर्चाचा भार दीडपट.

दुसरा मुद्दा, माल कोणाचा? चाकण परिसरात मोटारींच्या कारखान्यांभोवती पुरवठादारांची गोदामे आहेत. माल तिथे पडून असतो, लाइनवरून मागणी आली की दोन तासांत पोहोचतो आणि तो उचलला जाईपर्यंत पुरवठादाराच्याच वह्यांत राहतो. मोटारींच्या कंपनीचे गुणोत्तर पाहून व्यवस्थापनाचे कौतुक करावेसे वाटते. पण साठा नाहीसा झालेला नसतो, तो भिंतीपलीकडे, ज्याला व्याज अधिक दराने भरावे लागते अशा लहान माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. याला कौशल्य म्हणायचे की दांडगाई, याविषयी माझे मत आहे, पण ते इथे अप्रस्तुत आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचेही तसेच : खरेदी एफओबी अटीवर (जहाजावर चढवून देईपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची) असेल तर जहाजात चढल्यावर साधारणपणे जोखीम खरेदीदाराकडे जाते आणि वाटेतला मालही त्याच्या साठ्यात येतो; कारखान्यात पोहोच देण्याची अट असेल तर येत नाही. एक कंपनी परदेशातून माल आणते आणि दुसरी भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून घेते, एवढ्यानेच महिन्याभराच्या साठ्याचा फरक पडू शकतो.

तिसरा मुद्दा तारखेचा, आणि यासाठी साखर कारखान्यांसारखे उदाहरण नाही. महाराष्ट्रात गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत आटोपते. म्हणजे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते तेव्हा गोदामांत पोती छतापर्यंत लागलेली असतात. आरंभीचा साठा मागच्या ३१ मार्चचा, अखेरचा या ३१ मार्चचा. दोन्ही वर्षातल्या उच्चांकाजवळचे, आणि त्यांची सरासरी काढून 'सरासरी साठा' म्हणायचे, ही शुद्ध थट्टा आहे. उत्तर प्रदेशातले कारखाने त्या दिवशी अनेकदा अजून गाळपात असतात, तेव्हा त्यांच्याशी तुलना आणखी फसवी होते. त्यात २०१८ पासून महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा केंद्र सरकार ठरवून देते, तेव्हा साठा पडून राहण्याचे सगळे खापर व्यवस्थापनावर फोडता येत नाही. मळीसारखे उपपदार्थ निव्वळ वसुली मूल्याने धरून ती रक्कम साखरेच्या खर्चातून वजा केली जाते. त्यामुळे मळीचा भाव चढला की साखरेचा साठा स्वस्त दिसतो, एक पोतेही न हलता. अशा धंद्यात वर्षाचे गुणोत्तर सोडून द्यावे आणि पुढचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, सप्टेंबरअखेर, किती साखर शिल्लक आहे ते पाहावे.

सूचीबद्ध कंपन्यांच्या बाबतीत तारखेची अडचण थोडी कमी करता येते. त्यांना सहामाहीला ताळेबंद द्यावा लागतो, म्हणजे दोन ऐवजी तीन बिंदू मिळतात. शिवाय तिमाही निकालांत तयार माल, प्रक्रियेतला माल आणि व्यापारी माल यांच्या साठ्यातील बदल अशी एक ओळ असते. वर्षअखेरच्या आकड्यापासून ती ओळ मागे-मागे लावत गेले की प्रत्येक तिमाहीअखेरचा तयार मालाचा साठा काढता येतो. कच्च्या मालाला ही युक्ती चालत नाही.

वार्षिक अहवालात छापलेले तयार गुणोत्तर उचलून वापरू नका, हेही इथेच सांगतो. मार्च २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर साठा उलाढालीचे गुणोत्तर जाहीर करणे आणि ते २५ टक्क्यांहून अधिक बदलल्यास कारण देणे बंधनकारक झाले. हे चांगलेच झाले. पण भाजक आणि भाज्य काय घेतले ते कंपनीने सांगायचे असते, आणि एक कंपनी विक्री घेते तर दुसरी विकलेल्या मालाचा खर्च. चाळीस टक्के ढोबळ नफ्याच्या धंद्यात विक्री घेणाऱ्या कंपनीची उलाढाल याच एका कारणाने दीडपटीहून जास्त दिसते. त्या तक्त्याखालची बारीक अक्षरातली ओळ आधी वाचा, मग गुणोत्तर स्वतः काढा. आणि काढताना कच्चा माल वापराशी, प्रक्रियेतला माल उत्पादन खर्चाशी, तयार माल विक्रीच्या खर्चाशी, असे तीन वेगळे आकडे काढा. एकत्र गुणोत्तरात खरेदी विभागाचा दोष विक्री विभागाच्या गुणाखाली सहज झाकला जातो.

शेवटचा मुद्दा पडून राहिलेल्या मालाच्या तरतुदीचा. एक कंपनी दोन वर्षे न हललेल्या मालाचे मूल्य शून्य करते, दुसरी 'कधीतरी लागेल' म्हणून पूर्ण किमतीला ठेवते. पहिलीचा साठा आकड्यांत घटतो आणि पुढच्या वर्षी तिची उलाढाल सुधारते. म्हणजे ज्या खरेदीमुळे माल पडून राहिला, तीच चुकीची खरेदी निर्लेखित होताच, म्हणजे वह्यांतून काढून टाकताच, गुणोत्तराला उजाळा देते. त्यामुळे साठा ढोबळ, तरतुदीपूर्वीचा घ्यावा, आणि तरतूद वेगळी, विक्रीच्या टक्केवारीत पाहावी. व्यवस्थापनाची परीक्षा त्या दुसऱ्या आकड्यात जास्त होते.

हे सगळे झाल्यावरही मी शक्य तिथे टनांकडेच जातो. २०११ पूर्वी कंपनी कायद्याच्या जुन्या अनुसूची ६ नुसार आरंभीचा साठा, उत्पादन, विक्री आणि अखेरचा साठा वजनात किंवा नगांत छापावा लागे. सुधारित अनुसूचीने ती सक्ती काढली. कंपन्यांची कागदपत्रे सुटसुटीत झाली, पण तुमच्यासारख्या बाहेरून पाहणाऱ्याच्या हातातले सर्वांत प्रामाणिक साधन गेले. सिमेंट, पोलाद, साखर अशा धंद्यांत कंपन्या गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात उत्पादन आणि विक्रीचे टन अजूनही देतात; त्या दोन्हींची वजाबाकी साठ्यातली वाढ-घट सांगते, आणि तिला फिफो-लिफो कळत नाही. बँकेत काम करत असाल तर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट तुमच्याकडे असतेच. पाच कोटींवरच्या खेळत्या भांडवलाच्या मर्यादेसाठी तिमाही विवरणे वह्यांशी जुळतात का, हे लेखापरीक्षकाला 'कारो २०२०' (लेखापरीक्षकाच्या अहवालाविषयीचा सरकारी आदेश) खाली लिहावे लागते. तो परिच्छेद आणि प्रत्यक्ष मोजणीत दहा टक्के किंवा अधिक तफावत निघाली का हे सांगणारा परिच्छेद, हे दोन मी गुणोत्तरांच्या आधी वाचतो.

काही वर्षांपूर्वी एका मालकाने मला त्याच्या दोन कारखान्यांची तुलना करायला बोलावले होते. दोन्हीकडे सळई तयार होत असे. जुन्या कारखान्यात टॅलीवर फिफो होते, नव्यात ईआरपीवर (सगळ्या विभागांच्या एकत्रित संगणक प्रणालीवर) महिन्याची सरासरी, आणि पोलादाचे भाव त्या वर्षी चढत होते. जुन्याचे साठ्याचे दिवस अकराने जास्त दिसत होते आणि तिथल्या गोदामपालाची बदली जवळजवळ ठरलेली होती. आम्ही बिलेट (ज्यापासून सळई बनते ते पोलादाचे ठोकळे) आणि सळई दोन्हीकडे टनांत मांडली, तेव्हा अकरापैकी नऊ दिवस नाहीसे झाले. उरलेले दोन कशाचे, म्हणून आम्ही नव्या कारखान्याच्या सुट्या भागांच्या रॅककडे गेलो. तिथे ग्रीसच्या कागदात गुंडाळलेल्या बेअरिंगांच्या बिन कार्डावर (रॅकवरच्या आवक-जावक पत्रकावर) शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची होती. ज्या यंत्रासाठी ती घेतली होती ते यंत्र भंगारात विकून झाले होते, आणि सुटे भाग 'साठा' या शीर्षाखाली न दाखवता स्थिर मालमत्तेत टाकलेले असल्यामुळे नव्या कारखान्याच्या गुणोत्तरात ती कधी आलीच नव्हती.